एक मूठ, दहा अवजारं: घोडं अडतंय कुठे?

कोपरीकर · शनिवार, रात्री १०.५२

प्रश्न दोन ओळींचा आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय कोणी नीट उत्तर देणार नाही, म्हणून थोडं पाल्हाळ.

आमचं घर ठाणे पूर्वेला, कोपरीत. वन बीएचके. वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, त्यांची पत्र्याची पेटी अजून पलंगाखाली आहे. पावसाळ्याआधीची साफसफाई म्हणून परवा उघडली. तीन पटाश्या, सहा कानशी, दोन हातोड्यांची नुसती डोकी, एक गिरमिट आणि एक कुदळ. (तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुदळ कशाला, हा प्रश्न आई लग्नापासून विचारतेय.) लोखंडाला काही झालेलं नाही, वरवरचा गंज होता तो रॉकेल आणि ब्रशने निघाला. मुठी मात्र एकूण एक गेल्या. काही वाळवीने, काही फुटून.

तर डोक्यात आलं, प्रत्येकाला वेगळी मूठ हवीच कशाला? हातात बसणारी एकच चांगली मूठ करायची आणि पुढचं अवजार बदलत राहायचं. जागा वाचेल, लाकूड वाचेल. रबाळ्याला मित्राचं छोटं वर्कशॉप आहे, दोन रविवार तिथे घालवले. मुठीत १२ मिलिमीटरचा सहाकोनी खाचा, २५ मिलिमीटर खोल. आत स्प्रिंग आणि छर्रा, म्हणजे दाबलं की 'टक्' करून बसतं. पटाशी, कानस, घरातलं खुरपं आणि लहान हातोडी, चौघांच्या मागे सहाकोनी सळईचा तुकडा वेल्ड केला.

खुरपं झकास. कानस चालली. पटाशी डुगडुगते. हातोडी चौथ्या ठोक्याला मुठीतून निघाली आणि मित्राच्या कंप्रेसरमागे जाऊन पडली. कोणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून मित्राने चहा विचारणं बंद केलंय.

फोटो आणि कच्चं रेखाटन खाली टाकलंय. हा सांधा घट्ट कसा करायचा, आणि यात पेटंट घेण्यासारखं काही आहे का, एवढंच विचारायचंय. एका एजंटाने फोनवर जो आकडा सांगितला, त्यात नवीन अवजारांनी दोन पेट्या भरल्या असत्या.

चष्मिष्ट · रात्री ११.०५

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे ऐकून होतो. हातोडीचा दांडा कंप्रेसरास काळ, हे आज कळलं.

वाचतोय.

खारीगावची · रात्री ११.३१

बायकांनी हा शोध कधीच लावलाय हो. माझ्या ओट्याखाली अकरा पातेली आहेत, एकालाही मूठ नाही. सांडशी एकच. दूध, आमटी, भात, सगळं तिनेच उतरतं आणि पातेली एकात एक बसून वीतभर जागेत मावतात. आता सुटी मूठ लावायचे टेफालचे वगैरे संच ऑनलाइन दिसतात, 'जागा वाचवा' म्हणून. किंमत बघून मी सांडशीला नमस्कार केला.

गोटीपाना · रविवार, सकाळी ७.१८

ताई, सांडशीचं उदाहरण मस्त, पण तिथे सांधा नाहीच. तुम्ही मूठ आवळून धरता तोवर पातेलं धरलेलं. सैल सोडली की सुटलं. कोपरीकरांना न आवळता धरणारी सांडशी पाहिजे.

तुर्भ्याला गॅरेज आहे माझं. आमचा अख्खा धंदा सुट्या मुठीवर चालतो. एक रॅचेट (नट फिरवायची मूठ), त्यावर आठपासून बत्तीसपर्यंत गोट्या, म्हणजे नटावर बसणारी सॉकेटं. अर्धा इंची चौकोन, त्यात छर्रा. तुमच्यासारखाच छर्रा! पण तो फक्त गोटी खाली पडू नये म्हणून असतो. जोर चौकोन घेतो. छर्ऱ्याच्या जिवावर काही सोडायचं नसतं. आणि जास्त जोर लागला की पोरं रॅचेटवर पाइप चढवतात, मग चौकोनच पिळवटून तुटतो. मूठ लांब केली की सांधा मरतो. रॅचेट वाचवायचं तर मोठ्या नटाला टॉमी (साधा लोखंडी दांडा) लावा, हे रोज सांगून घसा बसलाय.

टर्नरमामा · सकाळी ९.४०

कोपरीकर, वागळेत ३१ वर्षं लेथवर काढली, त्यामुळे जरा स्पष्ट बोलतो. राग मानू नका.

आधी वेल्डिंग. कानशीला वेल्डिंग करतात का? कानस म्हणजे भरपूर कार्बनचं पोलाद. वेल्डच्या शेजारचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो. आज चालली म्हणता, एक दिवस जोर लावाल तेव्हा शेपटीपासून तुटेल, आणि तुटकं टोक तुमच्या तळहाताच्या बाजूला असेल. पटाशीला ताप धारेपर्यंत पोचला तर पाणी उतरतं, मग कितीही घासा, धार टिकत नाही. वडील फिटर होते ना? त्यांच्यासमोर हे केलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता.

आता सांधा. चार अवजारांना तुम्ही एकच सांधा दिलात, पण मुठीला होणारा त्रास प्रत्येक अवजाराचा वेगळा असतो. स्क्रू ड्रायव्हर मुठीला पिळतो. पटाशी मुठीला मागे रेटते. खुरपं आणि फावडं मूठ वाकवायला बघतात. हातोडी झटके देते, तेही दोन्हीकडून: फिरवताना डोकं बाहेर ओढलं जातं, आपटताना उलटा धक्का येतो. पिळण्याला सहाकोनी खाचा उत्तम. म्हणून तर स्क्रू ड्रायव्हरच्या बिटा जगभर पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर सहाकोनी असतात आणि कोणाचीही बिट कोणाच्याही मुठीत जाते. तिथे थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, असला तरी चालतो, कारण बिटचं टोक स्क्रूच्या खाचेत स्वतःच जागा धरतं. वाकवण्याला मात्र तोच प्ले भोवतो.

हिशोब करा. खाचा २५ मिलिमीटर खोल, आत फक्त ०.२ मिलिमीटर प्ले धरू. म्हणजे दर २५ ला ०.२. अडीचशे मिलिमीटरच्या मुठीच्या टोकाला हे झालं २ मिलिमीटर. हीच जोडणी पाच फुटी फावड्याला लावली तर टोक १२ मिलिमीटर हलेल. डुगडुग म्हणतात ती हीच. खाचा ५० खोल केलात तर प्ले तोच राहून डुगडुग निम्म्यावर येते. सुट्या मुठीचं बहुतेक गणित एवढंच आहे: सांधा किती लांब मिठी मारतो.

आता पेटीतली कुदळ बाहेर काढा. तिचं नेढं बघा. (राजगडावरचं नव्हे, कुदळीचं भोक, ज्यात दांडा जातो.) ते वर रुंद, खाली अरुंद आहे. दांडाही वरच्या टोकाला जाड. दांडा बारीक टोकाकडून वरून आत घालायचा, तो खाली सरकत येतो आणि जाड भाग नेढ्यात आवळतो. पाचर नाही, खिळा नाही, स्क्रू नाही. हाणताना डोकं बाहेर ओढलं जातं, म्हणजे जाड भागाकडेच, म्हणजे जितकं हाणाल तितकं घट्ट. काढायची असेल तर दांड्याचं बारीक टोक दगडावर आपटा, डोकं आपल्या वजनाने खाली सुटतं. दिवसभर काम करायचं, संध्याकाळी डोकी पोत्यात आणि दांडे खांद्यावर. सुट्या मुठीचं याहून चांगलं डिझाइन मला माहीत नाही.

हातोडीचं उलट. तिथे दांडा खालून येतो, वर बारीक. फिरवताना डोकं बारीक बाजूकडे पळायला बघतं, म्हणून वरून पाचर ठोकून लाकूड नेढ्यात फुलवावं लागतं. कुदळ फिरवली की घट्ट होते, हातोडी फिरवली की सुटू बघते. एकाच मुठीने दोघी कशा सांभाळणार?

जाता जाता एक. हातोडीचं डोकं घट्ट बसवायचं तर ती उलटी धरा, डोकं खाली लोंबकळत, आणि दांड्याच्या बुडावर दुसऱ्या हातोडीने मारा. डोकं वर चढत येतं. नव्या अप्रेंटिसला दाखवलं की तो डोकं पकडून बघायचा, आत चुंबक आहे का म्हणून.

मृगजळ · सकाळी १०.०२

मामा, लिहीत जा हो. शाळेत जडत्व असं शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेले नसते.

गोटीपाना · सकाळी १०.१५

+१. मामांनी चौकोनाबद्दलही लिहावं.

टर्नरमामा · सकाळी ११.२६

चौकोनाचं तुम्हालाच जास्त माहीत. टेपरचं, म्हणजे निमुळत्या सांध्याचं, थोडं सांगतो, कारण कोपरीकरांना त्याचा उपयोग आहे. ड्रिल मशिनच्या स्पिंडलमध्ये (फिरणाऱ्या दांड्यात) जाडा ड्रिल बसतो तो कशाने? मोर्स टेपरने. स्टीफन मोर्स नावाच्या अमेरिकन माणसाने १८६०च्या दशकात काढला, अजून चालू आहे. साधारण वीसला एक असा निमुळता. हाताने जोरात वर ढकलला की घर्षणावरच धरतो. इतका कमी उतार असला की आपणहून सुटत नाही. उतार वाढवला तर पटकन सुटतो, पण मग मागून बोल्टने ओढून धरावा लागतो, मिलिंग मशिनवर असतो तसा. मोर्स काढायला स्पिंडलला आडवी खाच असते, तिच्यात ड्रिफ्ट, म्हणजे लोखंडी पाचरच, घालून टिचकी मारायची.

सारांश असा की धरून ठेवणं सोपं. धरून ठेवायचं आणि हवं तेव्हा सोडायचंही, इथे डोकं लागतं.

घणसोलीचा · दुपारी १.४७

आमच्याकडे अजून थोडी शेती उरलीय, म्हणून चार ओळी.

कोयत्याची शेपटी लाल तापवून लाकडात घालतात. लाकूड जळतं, शेपटीच्या आकाराचं घर आपोआप तयार होतं. काहीजण त्यात लाख भरतात. लाखेची गंमत अशी, की गार झाली की दगड, तापवली की पातळ. मूठ फुटली तर शेपटी शेगडीवर धरायची, लाख सुटते, पातं मोकळं. म्हणजे आजोबांचा कोयतापण सुट्या मुठीचाच म्हणायचा, फक्त बटण दाबायच्या जागी निखारे.

लाकूड बाभळीचं, नाहीतर धामणीचं. धामण लवचिक, झटका खाते, हाताला बसू देत नाही. प्लॅस्टिकच्या मुठीने दिवसभर गवत कापून बघा, रात्री जेवताना घास धरवत नाही.

आणि एक. दांडा हलायला लागला की लोक अवजार बादलीत भिजत टाकतात. टाकू नका. लाकूड फुगतं, नेढ्यात जागा नाही म्हणून आतल्या आत चेपतं. वाळलं की आधीपेक्षा बारीक होतं. आपल्या हवेत तर जुलैमध्ये सगळे दांडे घट्ट आणि मे महिन्यात सगळे ढिले. पाचर बदला किंवा जवसाचं तेल पाजा.

ओटीताई · संध्याकाळी ६.३३

ड्यूटी संपवून वाचलं. आमच्याकडची गोष्ट कोणीच सांगितली नाही म्हणून.

ऑपरेशन थिएटरमधला सुरा सुट्या पात्याचाच असतो. मॉर्गन पार्कर नावाच्या माणसाने १९१५ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याआधी अखंड सुरे असायचे, प्रत्येक वेळी धार लावा, उकळा. आता मूठ स्टीलची, निर्जंतुक करून पुन्हा वापरायची, आणि पातं एकदाच. पात्याला लांबट चीर असते, ती मुठीच्या खोबणीवरून सरकून मागे अडकते. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही, कारण जिथे स्प्रिंग तिथे फट आणि जिथे फट तिथे घाण. पात्याची पोलादी पट्टीच थोडी वाकते आणि स्वतःच स्प्रिंग होते.

पण कोपरीकरांसाठी महत्त्वाचं पुढे आहे. एवढ्या छोट्या हत्याराला जगाने एक मूठ नाही ठेवली. तीन नंबरच्या मुठीवर १०, ११, १५ ही लहान पाती. चार नंबरच्या मुठीवर २० ते २४ ही मोठी. एकाचं दुसऱ्यावर जात नाही, मुद्दाम. नाजूक काम बोटांनी होतं, त्याला अरुंद मूठ. पोटावर मोठा छेद द्यायला हाताचा जोर लागतो, त्याला रुंद. डॉक्टर नुसतं 'पंधरा' म्हणाले की मी तीन नंबरची मूठ उचलते.

आणि पातं बोटांनी काढायचं नाही, चिमट्याने. नव्या मुलींना जखमा कापताना होत नाहीत, पातं काढताना होतात. सुट्या मुठीच्या अवजारात धोका तिथेच, हे तुमच्या रेखाटनात कुठे दिसलं नाही. पटाशी काढताना तुम्ही ती धरणार कुठे? धारेला?

कोपरीकर · संध्याकाळी ७.१०

ताई, खरं सांगतो, धारेलाच धरली होती. अंगठ्याला बँड-एड आहे. मूळ पोस्टमध्ये लिहायची लाज वाटली.

चष्मिष्ट · संध्याकाळी ७.१२

'कोणाला लागलं नाही' 😄

फेज_न्यूट्रल · रात्री ८.५५

वायरमन, ऐरोली. बदलत्या बिटांचा ड्रायव्हर कृपा करून चालू लाइनवर वापरू नका. बिटच्या बाहेर लोखंडी कॉलर उघडी असते, बोट तिथेच जातं. आमच्या इन्सुलेटेड ड्रायव्हरवर १००० व्होल्टची खूण असते, आयईसी ६०९०० या मानकाची. त्यातही बदलत्या पात्यांचे संच मिळतात, पण तिथे प्रत्येक पात्याला टोकापर्यंत स्वतःचं इन्सुलेशन असतं आणि सांधा मुठीत खोल बुडालेला. पातं नीट 'टक्' बसलं नाही तर तो संच निरुपयोगी. मी स्वतः अखंडच वापरतो. आणि काहीही वापरलं तरी आधी मेन बंद.

प्ले वाईटच असतो असं मात्र नाही, मामा. भिंतीला भोक पाडायच्या हॅमर ड्रिलची बिट हातात घेऊन हलवा, खडखडते. एसडीएस म्हणतात त्या जोडणीला. बॉशने १९७५ मध्ये आणली, घाला-फिरवा-बसलं अशा अर्थाच्या जर्मन शब्दांची आद्याक्षरं. बिटला मागे खोबणी असतात, फिरवण्याचा जोर त्या घेतात, पण पुढे-मागे बिट मोकळी सरकते. आतला दट्ट्या बिटच्या बुडावर ठोकतो. घट्ट आवळली तर तो ठोका सगळा मशिनला आणि तुमच्या मनगटाला बसेल.

टर्नरमामा · रात्री ९.२०

बरोबर. शब्द मागे घेतो. प्ले कोणत्या दिशेला हवा हे ठरवून ठेवलेला प्ले वेगळा, आणि ड्रिल करताना हात हलला म्हणून आलेला प्ले वेगळा.

हिशेबनीस · रात्री १०.०८

सांध्याचं मला कळत नाही, पण धंद्याचं गणित उलटं दिसतंय. जिलेटने १९०४ मध्ये पेटंट मिळालेला वस्तरा विकला तेव्हा मूठ एकदा जायची आणि पाती आयुष्यभर खपायची. आता सलूनमध्येही उस्तऱ्यात अर्धं ब्लेड घालतात, गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदललं. कोपरीकर मूठ विकणार, आणि पुढचं अवजार वडिलांच्या पेटीतलं, जे झिजत नाही. म्हणजे माणूस आयुष्यात एकदाच दुकानात येणार. शिवाय दोघांनी मिळून काम करायचं ठरलं, एकाला कानस हवी आणि दुसऱ्याला पटाशी, तर मूठ एकच. घरात एकटा माणूस असेल तरच ही कल्पना चालेल.

कोपरीकर · रात्री १०.३०

शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "मला खुरपं हवं असतं तेव्हा तुझी मूठ नेमकी कानशीत असते." हे परवाच झालंय.

कलमकसाई · सोमवार, दुपारी १२.४०

बेलापूरला पेटंटच्या अर्जांचं काम करते. हा धागा आज पाहिला आणि पहिलं वाक्य तोंडातून निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कोपरीकर, फोटो आणि रेखाटन आधी इथून हटवा. अर्ज करण्यापूर्वी तुम्हीच शोध जगजाहीर केलात की तो नवा राहत नाही. आपल्या कायद्यात सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं किंवा विद्वत्सभेत निबंध वाचला तर, आणि तीही १२ महिन्यांची. धागा ही विद्वत्सभा नव्हे. (मामा आणि ओटीताई असले तरी.)

आता तुमच्या प्रश्नाकडे. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ मध्ये काय काय शोध धरायचं नाही याची यादी आहे. त्यातलं 'एफ' उपकलम तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: माहीत असलेल्या साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी, ज्यात प्रत्येक साधन आपापलं जुनंच काम जुन्याच पद्धतीने करतं, तो शोध नव्हे. कानस कानशीचं काम करते, पटाशी पटाशीचं, मध्ये छर्रा छर्ऱ्याचं. 'एक मूठ, दहा अवजारं' या कल्पनेवर कोणी पेटंट देणार नाही. मिळालं तर ते सांध्याला मिळेल, तेही त्या सांध्याने जुन्या कोणालाच न जमलेलं काही केलं तर. वाकवणं आणि झटका दोन्ही सोसून एका हाताने सुटणारा सांधा, असं काही.

जुनं काय आहे ते आधी बघा. जगभरची पेटंटं वर्गवारी करून ठेवलेली असतात. हातअवजारांच्या मुठींसाठी 'बी२५जी' असा अख्खा वर्ग आहे आणि त्यातला तीन क्रमांकाचा गट फक्त मूठ अवजाराला जोडायच्या पद्धतींचा. अनेक कामांच्या एकत्र अवजारांसाठी 'बी२५एफ'. एक रविवार रबाळ्याऐवजी तिथे घालवा, फुकट आहे. तुमचा छर्रा तुम्हाला तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या कागदांत भेटेल.

खर्चाबद्दल. एजंटाचा आकडा मला माहीत नाही, सरकारी फी सांगते. एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर १६०० रुपये. तात्पुरता अर्ज देऊन तारीख पकडता येते, मग १२ महिन्यांत पूर्ण अर्ज. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते, तिचे ४००० रुपये, मुदत ३१ महिने (२०२४ पर्यंत ४८ होती). अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, फक्त भारतात, आणि दरवर्षी नूतनीकरणाची फी. मसुदा स्वतः लिहिता येतो, बंदी नाही. पण दाव्यांची भाषा जमली नाही तर शेजारचा माणूस छर्ऱ्याच्या जागी पिन घालून तेच विकेल. एजंटाचे पैसे त्या भाषेचे असतात.

मुठीचा नुसता आकार वेगळा असेल तर डिझाइन नोंदणी बघा. ती १० वर्षं, पुढे ५ वाढवून मिळतात.

कोपरीकर · दुपारी १.०५

फोटो हटवले. हात थरथरतायत.

टर्नरमामा · दुपारी १.३०

थरथरू नका. तुम्ही टाकलं होतं ते चोरण्यासारखं नव्हतं.

मृगजळ · दुपारी १.३४

मामा 😂

कोपरीकर · पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.१५

धागा वर काढतोय, कारण काही जणांनी विपू करून (वेगळा निरोप पाठवून) विचारलं.

मामांकडे कळव्याला जाऊन आलो. त्यांनी चहा विचारला (मित्राने अजून नाही). माझी मूठ हातात घेतली, दोनदा फिरवली, बाजूला ठेवली आणि पेटी उघडायला सांगितली. पटाश्या आणि कानशी या वादातून काढून टाकल्या. वेल्ड केलेली कानस भंगारात, तिच्या शेपटीला मामांनी नुसती टिचकी मारली आणि खरंच तुटली. उरलेल्या पाच कानशींना पितळी कड्याच्या लाकडी मुठी आणल्या. हातोडीच्या डोक्यांना बाभळीचे दांडे, पाचर मी स्वतः ठोकली. उलटं धरून बुडावर मारायची गंमत मुलाला दाखवली, त्याने चुंबक शोधला.

सुटी मूठ फक्त बाल्कनीतल्या अवजारांपुरती ठेवलीय: खुरपं, छोटा पंजा, माती उकरायचं चिमुकलं फावडं. तिघींचा त्रास एकाच जातीचा, वाकवण्याचा. आणि बायकोच्या तक्रारीवर उपाय म्हणून मुठी दोन केल्या. हिशेबनीस हसतील, दोन मुठी तीन अवजारं!

छर्रा काढला, टेपर केला, सांधा ६० मिलिमीटर लांब. डुगडुग गेली. पण पहिल्याच दिवशी ओल्या मातीत तासभर काम केल्यावर खुरपं मुठीत असं बसलं की निघेना. ड्रिफ्टसाठी खाचच ठेवली नव्हती. मामांना फोन केला तर पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही, मग कळलं की हसतायत.

त्यानंतर ते सोडवायचं एक सुचलंय, आणि धार न धरता काढायचंही. ते इथे लिहीत नाही, कलमकसाई ओरडतील. 'बी२५जी' मध्ये तीन रविवार गेलेत. दोनदा वाटलं की मिळालं, दोन्हीदा कोणीतरी आधीच करून ठेवलेलं होतं, एकदा तर माझ्याहून सोप्या पद्धतीने. अजून अर्ज दिलेला नाही.

कलमकसाई · रात्री ९.४०

शाब्बास. तीन रविवार शोधणारे फार थोडे असतात. बोलू.

ओटीताई · रात्री ११.५८

अंगठा बरा झाला का?

कोपरीकर · सोमवार, सकाळी ७.०२

झाला ताई. कुदळ तेवढी राहिली. तिला दांडा लावून ठेवतो म्हटलं. जांभळी नाक्याच्या बाजूला मिळेल का, की घणसोलीला यावं लागेल?

घणसोलीचा · सकाळी ८.२०

तिथेच मिळेल. कुदळ सोबत घेऊन जा पण. दुकानदार नेढं बघितल्याशिवाय दांडा देत नाही.